क्रिकेट म्हणे ‘छोटा’ खेळ!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीनदा लिहायला बसलो होतो, पण चार ओळींच्या पुढे गाडी गेली नाही. आज मात्र डोकं तापलंय, त्यामुळे लेख आपोआप होणार. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

तर झालं असं. आमचा सोन्या (म्हणजे दादाचा धाकटा, यंदा सातवीत आहे) खाचरात हाफ पीच खेळताना कॅचसाठी उलटा पळत गेला आणि बांधावरून थेट खाली. नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. कॅच मात्र सोडला नाही, हे तो आल्यागेल्या प्रत्येकाला आधी सांगतो आणि पायाचं नंतर.

आमचं कामथडी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुणे-सातारा रस्त्याला, नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यातलं गाव. रस्त्यावरून ट्रक धडधडत असतात आणि रस्ता सोडून आत वळलं की भाताची खाचरं. भात निघालं की पुढचा पाऊस येईपर्यंत ती खाचरं पोरांची. तीन काठ्या रोवल्या की स्टेडियम तयार. मोठ्यांच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. प्रवेश फी, चषक, मंडप, वर कर्ण्यावरून कॉमेंट्री. हल्ली तर मोबाइलवर थेट प्रक्षेपणही असतं. अशा गावात ऐन मोसमात पोराला खाटेवर पडून बाहेरचा आरडाओरडा ऐकावा लागणं म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याचं त्यालाच कळतं.

माझा जुना लॅपटॉप मी त्याला मागेच देऊन टाकला होता. भेटायला गेलो तर म्हणाला, “काका, क्रिकेटचा गेम घेऊन देशील? खरावाला.”

म्हटलं, मोबाइलवर फुकट आहेत की ढीगभर.

“त्यात सहा बॉलला सहा सिक्स बसतात. ते क्रिकेट नाय काका.”

पोरगं बरोबर बोललं होतं! मी लगेच हो म्हणालो. लॅपटॉप उघडला, क्रिकेटचा एक नवा गेम शोधला आणि किंमत बघून तसाच बंद केला. चार हजाराला एक रुपया कमी. शेजारीच त्या दिवशी फुटबॉलचा एक गेम होता, आदल्या वर्षीचा, सवलतीत. चारशे रुपयांच्या आत. जगात सगळ्यात जास्त पैसा ज्या खेळाच्या गेममध्ये ओतला जातो तो चारशेला आणि आमच्या खाचरातला खेळ चार हजाराला.

दादा मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “चार हजारात युरियाच्या पंधरा गोण्या येतात.” मी हिशेब केला. २६६ रुपये ५० पैशांची गोणी. खरोखर पंधरा येतात. दादाचा हिशेब कधी चुकत नाही, ही आमच्या घरातली जुनी अडचण आहे :)

पुण्याला परत येताना खेड-शिवापूरच्या टोलवर गाडी अडकली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात अडकलाय.

गेमची माहिती असलेल्या दोन मित्रांना विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं. “अरे, तो निश गेम आहे. छोटा खेळ, गिऱ्हाईक कमी. मग महागच असणार.” हे उत्तर मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं आहे की नाही हे तपासायचंच राहून गेलं. म्हणून आज तपासू या.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो. नंतर भांडतो.

गेम बनवायला जो खर्च येतो तो सगळा पहिली प्रत तयार होईपर्यंत येतो. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही. समजा तीस कोटी खर्च झाले (आकडा माझा, नुसता हिशेबासाठी). एक लाख लोकांनी घेतला तर माणशी तीन हजार पडतात. दहा लाखांनी घेतला तर तीनशे. सोपं आहे. एसटीत पन्नास माणसं बसली काय आणि पाच बसली काय, डिझेल तेवढंच.

आणि क्रिकेट बनवायला सोपं नाही, हेही मान्य. अंगाला खुणा चिकटवलेला पोशाख घालून माणसांना खरोखर खेळायला लावतात, कॅमेरे ते टिपतात आणि त्यातून गेममधला खेळाडू हलतो. स्क्वेअर कट वेगळा, लेट कट वेगळा, बॅकफूट पंच वेगळा. डावखुऱ्यांचं परत वेगळं. चेंडू नवा असताना वेगळा वागणार, जुना झाल्यावर वेगळा. पाचव्या दिवसाची खेळपट्टी वेगळी. कसोटी, वनडे, टी-ट्वेंटी असे तीन तऱ्हेचे सामने आणि प्रत्येकात कॉम्प्युटरच्या फलंदाजाने अकलेने खेळायला हवं. कसोटीत दहाव्या ओव्हरला रिव्हर्स स्वीप मारायला नको. फुटबॉलवाल्यांनाही कष्ट असतातच, पण त्यांचा खर्च वाटून घ्यायला अख्खं जग बसलेलं आहे.

आता त्या चार हजारांची फोड करू. ३,९९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर सुमारे ६१० रुपये सरकारचे. राहिले ३,३८९. ऑनलाइन दुकानं साधारण ३० टक्के कापून घेतात, म्हणजे हजाराच्या वर तिथे गेले. उरले पावणेचोवीसशे. त्यात प्रकाशक, बनवणारे, जाहिरात आणि परवाने. म्हणजे ज्यांनी रात्री जागून तो स्क्वेअर कट बसवला त्यांच्या हातात काय पडत असेल, देव जाणे. त्यामुळे माझा राग बनवणाऱ्यांवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इथपर्यंत मित्रांचं बरोबर. आता भांडण.

‘क्रिकेट छोटा खेळ आहे’ हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळत कशी नाही? २०२२ सालच्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्याला साधारण ११८ कोटी पडले. मोबाइलवरच्या फुकट क्रिकेट गेम्स घ्या. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हची ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ आहे, नॉटिलसची ‘रिअल क्रिकेट’ आहे. त्या कोट्यवधी फोनांवर उतरवल्या गेल्यात. म्हणजे गेममधलं क्रिकेट खेळायला माणसं नाहीत, असं अजिबात नाही. माणसं आहेत, ती चार हजार देत नाहीत एवढंच. मग ‘गिऱ्हाईक कमी’ म्हणून किंमत चढी ठेवायची आणि किंमत चढी म्हणून गिऱ्हाईक कमी. विहिरीत पाणी नाही म्हणून पोहरा टाकायचा नाही आणि पोहरा रिकामा म्हणून विहीर आटली म्हणायचं, त्यातला प्रकार.

आता दुसरा मुद्दा. किंमत नुसत्या खर्चावरून ठरते, हे मला पटत नाही. गिऱ्हाइकाला दुसरं दुकान आहे की नाही, यावरून ती जास्त ठरते. याचं सगळ्यात उघडं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

२००४ साली तिथल्या फुटबॉलचे (हातात धरून पळतात ते) दोन गेम बाजारात होते. ईएचा ‘मॅडन’ नेहमीच्या चढ्या किंमतीला होता आणि समोर ‘ईएसपीएन एनएफएल टूके फाइव्ह’ आला, फक्त १९ डॉलर ९९ सेंटला. गेम चांगला होता, लोकांनी उचलला. ईएला आपली किंमत ३० डॉलरच्या आत आणावी लागली. एका वर्षात खर्च काही अर्धा झाला नव्हता, फक्त समोर दुसरं दुकान उघडलं होतं. मग डिसेंबर २००४ मध्ये ईएने त्या लीगशी करार केला की खरे संघ, खरी नावं फक्त आमच्या गेममध्ये. स्पर्धा संपली आणि किंमत पुन्हा वर गेली. गिऱ्हाईक कोर्टात गेले. शेवटी २०१२ मध्ये ईएने २ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. पण त्या खेळाचं दुसरं दुकान काही पूर्वीसारखं उघडलं नाही.

हा खेळ अमेरिकेतला सगळ्यात मोठा. त्यालाही ‘निश’ म्हणायचं का?

आता आपल्याकडे या. २००५ चा उन्हाळा आठवतोय? म्हणजे इंग्लंडमधला उन्हाळा, ॲशेसचा. त्या एका मोसमात क्रिकेटचे दोन मोठे गेम आले, ईएचा ‘क्रिकेट २००५’ आणि कोडमास्टर्सचा ‘ब्रायन लारा’. आपसात भांडणारे दोन दुकानदार! गिऱ्हाइकाला याहून चांगले दिवस नसतात. २००६ च्या शेवटी ईएचा ‘क्रिकेट ०७’ आला आणि तो त्यांचा शेवटचा ठरला. कोडमास्टर्सनेही २०१० नंतर पाटी उतरवली. २०१३ मध्ये ‘ॲशेस क्रिकेट २०१३’ नावाचा एक गेम आला. त्याची अवस्था अशी होती की थोड्याच दिवसांत तो विक्रीतून काढून पैसे परत करावे लागले. २०१४ पासून मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने हा गाडा ओढलाय. कॉम्प्युटर आणि कन्सोलवरच्या गंभीर क्रिकेटमध्ये तेव्हापासून तेच जवळजवळ एकटे. त्यांचं कौतुकच आहे. २०१७ च्या ‘ॲशेस क्रिकेट’मध्ये त्यांनी महिलांचं क्रिकेटही आणलं. पण एकच किराणा दुकान असलेल्या गावात साखरेचा भाव कसा ठरतो, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग दुसरं दुकान का उघडत नाही? इथे माझा तिसरा आणि सगळ्यात जास्त रागाचा मुद्दा येतो. नावं.

‘क्रिकेट ०७’ ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावांनी होते आणि आपले मात्र नावं मोडलेले. कारण परवाना नव्हता. आम्ही पोरं पहिल्याच दिवशी बसून एकेक नाव दुरुस्त करायचो. तेव्हा गंमत वाटायची. पण पुढे ‘क्रिकेट १९’ आला, ‘क्रिकेट २२’ आला, तरी भारतीय संघाच्या परवान्याची बोंब तशीच! ज्या देशात या खेळाचा सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त चाहते, त्याच देशाचा संघ गेममध्ये खोट्या नावांनी. चार हजार घेऊन वर खोटा विराट.

परवाना ही वस्तू किती महाग असते बघा. फिफा आणि ईए तीस वर्षांच्या संसारानंतर वेगळे झाले. फिफाने चार वर्षांना अब्ज डॉलर मागितल्याच्या बातम्या होत्या. ईएला ते झेपण्यासारखं असूनही त्यांनी नाव सोडलं आणि २०२३ पासून गेम ‘एफसी’ नावाने आणला. त्याच वेळी नावात फिफा असलेले जुने गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. म्हणजे परवाना संपला की जुना, स्वस्त झालेला मालही गायब! एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर क्रिकेट बनवणारे पाचपन्नास जण बोर्डाच्या दारात उभे राहून काय करणार? बोर्ड वेगळं, आयपीएलचे संघ वेगळे, खेळाडूंचे स्वतःचे हक्क वेगळे. प्रत्येक दारात वेगळा टोल. आणि सगळे टोल शेवटी गाडीवालाच भरतो.

नवा कोणी या धंद्यात येत नाही तो यामुळे. आमची भरपूर हुशार पोरं पुण्या-मुंबईत, चेन्नईत गेम बनवतायत. पण त्यांना मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये जाहिराती आणि नाणी विकून जगावं लागतं, म्हणून सहा बॉलला सहा सिक्स. फुकट गेममध्ये तुम्ही हरून कंटाळलात तर अ‍ॅप उडवणार ना! मग पाच दिवसांचा सामना, चिवट बचाव, संयम हे असलं क्रिकेट त्यात कसं परवडणार? सोन्याला जे ‘क्रिकेट नाय’ वाटलं त्यामागे हा हिशेब आहे.

आणि पैसा नव्हता असंही नाही. २०२० च्या आयपीएलला नाव कोणाचं होतं? ड्रीम इलेव्हनचं. २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवरही तेच. क्रिकेटवर पैसे लावायला मदत करणाऱ्यांना सगळी दारं उघडी होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा ते नाव छातीवरून उतरलं. पोराला नुसतं बॅटिंग करू देणाऱ्या गेमसाठी मात्र परवान्याची दारं किलकिली. बोर्डाने ठरवलं तर काय अवघड आहे? अठरा वर्षांखालच्या पोरांचा खेळ म्हणून, थोडक्या रकमेत, जो मागेल त्याला परवाना द्या. एकाला नको, तीन-चार जणांना द्या. एवढ्या कोटींच्या हिशेबात हे चहापाण्याचे पैसे. त्यातून पुढची वीस वर्षं बघणारा प्रेक्षक तयार होईल तो वेगळाच.

आता स्वतःकडे बोट. कारण घरचे वाचतात आणि दादा विचारणारच, “तू कुठले पैसे दिले होतेस रे?”

नाही दिले. ‘क्रिकेट ०७’ मी पुण्यात फुटपाथवरून घेतला होता, पन्नास रुपयांची सीडी, पेनने नाव लिहिलेली. हॉस्टेलवर ती एकच सीडी बारा जणांनी चालवली. त्या काळात इमानदारीने विकत घेतलेली प्रत मी पाहिलेली नाही. कंपन्यांनी भारताचा आकडा बघून खांदे उडवले असतील तर त्यात आमचाही हात आहे. ‘गिऱ्हाईक कमी’ या वाक्यातलं ते न सापडलेलं गिऱ्हाईक मीच.

पण हेही तितकंच खरं की त्या सीडीने आम्हाला त्या खेळाला चिकटवलं. हौशी पोरांनी पुढे कित्येक वर्षं त्या जुन्या गेमला नवे संघ, नव्या जर्सी, नवी मैदानं जोडली, एक पैसा न घेता. ज्या गेमला त्याच्या कंपनीने वाऱ्यावर सोडलं तो चाहत्यांनी जगवला. याला छोटी बाजारपेठ म्हणत नाहीत. ही उपाशी ठेवलेली बाजारपेठ आहे. पन्नास रुपये आणि चार हजार यांच्या मधे कुठेतरी सहाशे-सातशेची एक प्रामाणिक किंमत होती, आजही आहे. त्या किंमतीला मी तेव्हाही दिले असते (बारा जणांनी वर्गणी काढून का होईना). स्टीमसारख्या दुकानात २०१५ पासून रुपयांत किंमती दिसतात, देशागणिक वेगळी किंमत लावायची सोय आहे. फक्त डॉलरला गुणून रुपये काढणं म्हणजे स्थानिक किंमत नव्हे. कामथडीच्या खिशाला हात लावून बघा, मग बोला.

“गेमच तो, न घेतला तर काय बिघडलं?” असं वहिनी म्हणाली आणि आईने मान डोलावली. काय बिघडलं ते सांगतो.

मी शेवटी सोन्याला तो फुटबॉलचा गेम घेऊन दिला. चारशे रुपयांत. आठवड्याने फोन केला तर तो मला मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या खेळाडूंची नावं घडाघडा सांगत होता. कोण कुठल्या जागी खेळतो, कोणाचा डावा पाय जोरात आहे, सगळं. मी विचारलं, महाराष्ट्राच्या रणजी संघातले किती येतात? ऋतुराज गायकवाड. मग जरा थांबून, केदार जाधव. (तो तर निवृत्त झाला रे बाबा.) संपलं. गहुंजेचं मैदान आमच्या गावापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि लिव्हरपूल कुठे आहे ते मलाही नकाशात शोधावं लागेल.

फुटबॉलशी माझं वैर नाही, पोरगं खुशीत आहे. पण पोरांना जे हाताशी मिळतं त्याच्यात ती रमतात. ज्याची नावं रोज डोळ्यांपुढून जातात, ती त्यांची माणसं होतात. क्रिकेटचं हे झालं तर कबड्डीचं काय? मातीत अंग घासून खेळणारी पोरं भोर तालुक्यात गावोगाव आहेत. प्रो कबड्डी २०१४ पासून टीव्हीवर आहे. पण घरात बसून खेळता येईल असा तोलामोलाचा कबड्डीचा गेम शोधायला गेलो तर मला काही सापडला नाही. सात जणांनी एकाला घातलेली पकड पडद्यावर उभी करायला किती खर्च येईल याचा अंदाज आहे मला. आणि कोणी केलाच, तर तो किती हजारांना मिळेल याचाही आहे.

असो. फार झालं.

प्लॅस्टर अजून दोन आठवडे आहे. परवा गेलो तर खाट रिकामी. लॅपटॉप बंद. वहिनी म्हणाली, खाचरात गेलाय. दादाने त्याला उचलून नेऊन बांधावर खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर वही, हातात पेन. स्कोअर लिहीत होता. मी वही बघितली. अकरा आणि अकरा बावीस पोरं, आडनावासकट, एकाचंही नाव मोडलेलं नाही.

म्हणाला, “काका, नीट लिवायला लागतंय. नायतर भांडतात.”